साडेतीन पानं गाडी, दीड ओळ शिकणं

पत्राचा गोषवारा: वाचक 33 वर्षांच्या आहेत. दहा वर्षं बिनगिअरची स्कूटर चालवतात. गिअरची मोटरसायकल घ्यायची इच्छा जुनी, पैसे आता साठले. उंची पाच फूट एक इंच. धाकटा भाऊ म्हणतो, "घ्यायची तर साडेतीनशे सीसीचीच घे, लहान घेतलीस तर वर्षात कंटाळशील." मैत्रीण म्हणते, दोन्ही पाय टेकत नसतील तर नाद सोड. आईचं म्हणणं, या वयात हे काय काढलंस. महिन्यापूर्वी मोकळ्या मैदानात भावाच्या जड गाडीवर पहिला धडा झाला. उजवीकडे वळताना गाडी जवळपास थांबलेलीच होती. भाऊ ओरडला, "ब्रेक मार!" यांनी मारला आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. घोटा मुरगळला, उजवा आरसा फुटला. भाऊ त्यावर एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच यांना जास्त लागलं. तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही. प्रश्न दोन: कोणती गाडी घेऊ? आणि मुळात घ्यावी का?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाच पानं आहेत. त्यातली साडेतीन तीन गाड्यांच्या तुलनेची: सीसी, वजन, टाकीचा रंग, सायलेन्सरचा आवाज. मग पडल्याचं, मग आईचं. शिकण्याबद्दल सगळी मिळून दीड ओळ आहे: "गाडी घरी आली की दोन रविवारांत हातात बसेलच, स्कूटर तर दहा वर्षं चालवतेच आहे." मला उत्तर द्यायचंय ते मुख्यतः या दीड ओळीला.

पण आधी ते पडणं. त्याचा निकाल तुम्ही परस्पर लावून टाकलाय: पाय आखूड, गाडी जड, आपलं काम नाही. मला तसं वाटत नाही. तुम्ही लिहिलेला प्रसंग मी सावकाश डोळ्यांसमोर आणून पाहिला. हँडल उजवीकडे पूर्ण वळलेलं, वेग चालण्याएवढा, कानावर ओरडा. अशा वेळी डोकं विचार करत बसत नाही, हात आपलं काम करून मोकळे होतात. तुमच्या हातांना दहा वर्षं एकच गोष्ट ठाऊक आहे: घाबरलं की दोन्ही लिव्हर आवळायचे. स्कूटरवर डावा लिव्हर मागच्या ब्रेकचा आणि उजवा पुढच्या, दोन्ही आवळले की स्कूटर गुमान थांबते. मोटरसायकलवर डाव्या हाताखाली क्लच असतो. तो दाबलात तशी इंजिनाची ओढ तुटली, म्हणजे इतक्या कमी वेगात गाडीला उभं ठेवणारी गोष्टच गेली. त्याच क्षणी उजव्या हातानं पुढचं चाक जागच्या जागी धरलं, तेही वळलेलं असताना. मग सगळं वजन वळलेल्या बाजूला कलंडणारच. तुमच्या जागी सहा फुटी पैलवान असता तरी गाडी आडवी झाली असती, फार तर त्यानं ती मांडीवर आणखी दोन क्षण तोलून धरली असती.

म्हणजे तुम्हाला ब्रेक मारता आला नाही असं झालेलंच नाही. स्कूटरचा ब्रेक तुम्ही अगदी बरोबर मारलात.

मला काळजी आहे ती पुढची. हाच हात उद्या रस्त्यावर, ताशी चाळीसच्या वेगात, समोर कुणी आडवं आलं की डावी मूठ आवळेल. स्कूटरवर त्यानं वेग कमी होतो. इथे क्लच दाबला जाईल, इंजिन गाडीला जो आपसूक अटकाव करत असतं तोही जाईल आणि गाडी मोकळी पुढे सरकत राहील. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो, आणि स्कूटर चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला आजवर कामच नव्हतं. दहा वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही. रस्ता ओळखणं, आरशात बघणं, समोरचा आता काय करेल याचा अंदाज, यात तुम्ही अगदी नवख्या माणसाच्या कितीतरी पुढे आहात. हातापायांच्या बाबतीत मात्र नवखा बरा, त्याची पाटी कोरी असते. तुमची भरलेली आहे, आधी पुसावी लागेल. त्याला दोन रविवार पुरत नाहीत.

म्हणून क्रम उलटा करा. गाडी घेऊन शिकू नका, शिकून गाडी घ्या. जिथे त्यांच्याच हलक्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर मैदानात शिकवतात अशी शिकवणी शोधा. आधीच दहा जणांनी पाडलेली, ओरखड्यांनी भरलेली गाडी शिकणाऱ्यासाठी वरदान असते. ती आडवी झाली तर कुणाचा चेहरा पडत नाही. नव्याकोऱ्या गाडीवर शिकणारा माणूस निम्मं लक्ष टाकीवरच्या रंगाकडे देतो.

भावाबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. पण चांगला चालवणारा चांगला शिकवेलच असं नसतं. आपण क्लच कसा सोडतो हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. शिवाय गाडी त्याची, म्हणजे त्याचा एक डोळा गाडीवरच राहणार. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. हॅरी हर्ट यांच्या गटाचा तो अहवाल 1981 साली आला, आणि जुना असला तरी आजही त्याचं नाव निघतं. अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के चालक आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. या आकड्यावरून भावाला धारेवर धरू नका, त्या काळी शिकवणीला जाणारे मुळातच थोडे असणार. माझं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे जातं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना *त्या गाडीवर* पाच महिनेही झाले नव्हते, आणि रस्त्यावर गाडी चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव मात्र तीन वर्षांच्या आसपास होता. एका गाडीवरचा अनुभव दुसरीवर आपोआप चढत नाही. तुमच्या दीड ओळीला याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही.

जवळपास शिकवणी नसेलच तर भावाकडून शिका, पण अटी घालून. गाडी हलकी हवी, मागून आणलेली चालेल. त्यानं मागे बसायचं नाही, लांब उभं राहायचं. चालत्या गाडीवर सूचना द्यायच्या नाहीत. थांबवून बोलायचं. ओरडायचं तर अजिबात नाही.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूही करू नका. गाडी न्यूट्रलमध्ये हातानं ढकला, वळवा, ब्रेक लावून थांबवा, तिचं वजन किती अंशापर्यंत ऐकतं आणि कुठून पुढे ऐकत नाही ते अंगाला कळू द्या. मग स्टँडवर उभ्या गाडीवर बसून एकच गोष्ट करा: उजवा हात आणि उजवा पाय एकत्र, डावा हात त्यांच्या अगदी मागोमाग. पन्नास वेळा. संध्याकाळी पुन्हा पन्नास. दिसायला खुळ्यासारखं दिसतं, पण तुमच्या डाव्या हाताची जुनी सवय पुसली जाते ती इथे.

त्यानंतर क्लच, आणि इथे हवा तितका वेळ घाला. गाडी पहिल्या गिअरात, मूठ न पिळता, क्लच केसभर केसभर सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जरा जड होतो आणि गाडीत जीव आल्यासारखी ती पुढे झुकते. तिथेच थांबा. पुन्हा दाबा. पुन्हा सोडा. हीच हाफ क्लचची जागा, प्रत्येक गाडीची वेगळी, आणि सावकाश चालण्याचं सगळं कौशल्य या बोटभर अंतरात आहे. क्लच हा काही चालू-बंद करायचा दिव्याचा खटका नाही. हाफ क्लचवर धरून, मूठ अगदी किंचित पिळून आणि उजव्या पायानं मागचा ब्रेक हलका दाबून ठेवून पायी चालणाऱ्याच्या वेगानं सरळ जाता आलं, की अर्धी लढाई जिंकलीत. मग वळणं, मग इंग्रजी आठचा आकडा. वळताना नजर पुढच्या चाकाजवळ ठेवलीत तर गाडी तिथेच पडते. जिथे जायचंय तिथे मान वळवून बघा. आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून घ्या, एवढ्या वेगात पायातला ब्रेक पुरतो. हे एक वाक्य त्या दिवशी कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर आरसा शाबूत राहिला असता.

आता यातून "पुढचा ब्रेक वाईट" असा धडा घेऊन बसू नका, बरेच जण तेच करतात आणि आयुष्यभर फक्त पायानं ब्रेक मारतात. गाडी सरळ असताना आणि रस्ता कोरडा असताना थांबवण्याचं बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो, ढोबळ हिशेबानं सत्तर टक्के. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. मागचं त्याच वेळी हलकं होतं आणि जोरात दाबलं तर घसरतं. म्हणून पुढचा ब्रेक झटक्यात मारायचा नाही, ओला कपडा पिळताना जोर वाढवत नेतो तसा दाब वाढवत न्यायचा. ताशी 20 पासून सुरू करा, 30, मग 40. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ताशी 60 ला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे तुम्ही दचकून ब्रेककडे हात नेईपर्यंतच तीन-चार मोटारींची लांबी संपलेली असते. हे वाचून कळतं, पण मैदानात खुणेचा दगड ठेवून ब्रेक मारून पाहिलं की पोटात कळतं.

उंचीचं काय? मैत्रिणीचा नियम जुना आहे आणि चुकीचा आहे. चालत्या गाडीवर पाय खाली नसतातच. थांबताना एक पाय नीट टेकला, म्हणजे डावा तळवा भक्कम आणि उजवा पाय ब्रेकवर, की काम झालं. सीटवर जरा डावीकडे सरकून बसलं की दोन-तीन सेंटीमीटर सहज मिळतात. शोरूममध्ये सीटची उंची विचारतात सगळे, रुंदी कुणी विचारत नाही. पुढे निमुळती असलेली उंच सीट रुंद बुटक्या सीटपेक्षा तुम्हाला सोपी जाईल. शॉकॉब्सर बदलून गाडी खाली करून घेण्याच्या फंदात इतक्यात पडू नका. बुड घासू लागतं, साइड स्टँडवर ती सरळसोट उभी राहते आणि वाऱ्यानंही पलटी होते.

स्टँडवरून आठवलं. माझी पहिली गाडी चालवताना कधी पडली नाही. ती पडली मी उतरताना, दोनदा, कारण साइड स्टँड पूर्ण बाहेर आलाय की नाही हे न बघता मी तिच्यावर भरवसा टाकला. दोन्ही वेळा भरपूर प्रेक्षक होते.

म्हणून उचलायलाही शिकून ठेवा. आधी इंजिन बंद. तुमच्यासारखी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे जाणार नाही. गिअरात असू द्या, घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला बूड टेकवून, एका हातात हँडलची मूठ आणि दुसऱ्यात मागची पकड धरून, पाठ सरळ ठेवत लहान पावलांनी मागे मागे रेटा. जोर मांड्यांचा लावायचा, कमरेचा नाही. सव्वाशे सीसीची साधी गाडी साधारण 120 किलोची असते, साडेतीनशेच्या कित्येक 180 ते 195 च्या घरात. हा साठ-सत्तर किलोंचा फरक चालताना जाणवत नाही. उताराला तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना जाणवतो.

आता तुमची साडेतीन पानं. सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान, ताकद नव्हे. साडेतीनशे-चारशेच्या घरातली एक गाडी वीस हॉर्सपॉवर देते आणि दुसरी चाळीस, आणि दोन्हींचा स्वभाव बैल आणि घोड्याइतका वेगळा असतो. युरोपीय संघात परवानाच पायऱ्यांनी मिळतो: आधी 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंत, मग 35 किलोवॅटपर्यंत, मग खुला. नवख्याच्या हाती किती ताकद द्यायची याचा विचार तिथे कायद्यानंच करून ठेवलाय. भावाचं "वर्षात कंटाळशील" खरंही असेल. पण वर्षभरात कंटाळा येण्याइतकी गाडी हातात बसली तर ती वाईट बातमी कशी? तेव्हा ती विका आणि मोठी घ्या. पहिली गाडी शेवटची असायला हवी हे कुणी ठरवलं?

माझं मत विचाराल तर 125 ते 160 सीसी, सव्वाशे ते दीडशे किलो, सरळ बसायची, रुंद हँडलची, आणि शक्यतो एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जागच्या जागी अडकू न देणारी सोय, असलेली. जपून वापरलेली जुनी मिळाली तर उत्तम. जुनी बघताना हँडल सरळ आहे ना, पुढच्या शॉकॉब्सरच्या दांड्यांवर तेल पाझरलंय का, लिव्हरची टोकं घासलेली आहेत का ते बघा, पडलेली गाडी तिथे चुगली करते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर जुनं असू शकतं.

गाडीच्या बजेटातून आधी अंगावरचे पैसे बाजूला काढा. टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखतं, 1935 साली मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीनं गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून 1941 साली हेल्मेटच्या बाजूनं लिहिलं, आणि हेल्मेट सक्तीचं व्हायला तिथून बळ मिळालं. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. तुम्ही स्कूटरवर अर्धं हेल्मेट वापरता असं ओझरतं लिहिलंय. ते आता सोडा, हनुवटी झाकणारं घ्या. घालून मान जोरात हलवली तर ते कातडीसकट हललं पाहिजे, कातडीवरून सरकता कामा नये. गाल दाबले गेले तर ते योग्य मापाचं. एकदा जोरात आपटलं की बाहेरून ठणठणीत दिसलं तरी टाकून द्या, आतला फोम एकदाच चिरडून घेतो. हातमोजे घ्या, कारण पडताना माणूस हात पुढे करतोच. आणि घोटा झाकणारे बूट, नाडी आत खोचलेली. मुरगळलेल्या घोट्याला हे मी वेगळं सांगायला नको.

रस्त्यावर आलात की पहिले तीन-चार महिने डबलसीट नको, मित्रमंडळींच्या घोळक्यात नको, रात्र आणि पाऊस शक्यतो नको. पाऊस गाठेलच, तेव्हा लक्षात ठेवा की पहिली काही मिनिटं सर्वांत निसरडी, रस्त्यावरचं तेल वर आलेलं असतं. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं तर कायमच. चौकात समोरून वळणाऱ्या मोटारीच्या चालकाशी नजरानजर झाली म्हणजे त्यानं तुम्हाला पाहिलं असं धरू नका. लहान वस्तू आहे त्याहून लांब वाटते, आणि तुम्ही त्याला लहानच दिसता. त्याच्या चेहऱ्याऐवजी पुढच्या चाकाकडे बघा, चाक आधी हलतं.

"मुळात घ्यावी का" याचं उत्तर मी आज देणार नाही, तुम्हीही देऊ नका. आठ-दहा धडे झाल्यावर विचारा स्वतःला. तेव्हा मैदानातून निघताना पाय रेंगाळले तर घ्या. आणि सुटल्यासारखं वाटलं तर स्कूटर आहेच, तिच्यात काही कमीपणा नाही, आणि गाडीचे पैसेही खिशात शाबूत. भीतीचं म्हणाल तर ती असू दे. पडून जेमतेम महिना झाला असताना ज्याला अजिबात भीती वाटत नाही त्याच्या मागे मी बसणार नाही. आईला वाद घालून पटणार नाही, तुम्ही आठचा आकडा काढत असताना एकदा तिला मैदानात खुर्ची टाकून बसवा.

राहता राहिला भाऊ. तो बोलला नाही म्हणजे रागावला असं तुम्ही धरून चाललायत. मला वाटतं, "ब्रेक मार" हे आपणच ओरडलो हे त्याच्याही डोक्यात फिरत असावं. नवा आरसा विकत घ्या आणि तो बसवायला त्याच्याकडे जा, पाना तुमच्या हातात घ्या. काही गाड्यांना उजव्या आरशाचा आटा उलटा असतो, तेवढं बघून मग फिरवा.